शनिवारी नवा फ्रीज येईल

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई "नको गं, कशाला" म्हणाली असती आणि विषय तिथेच मिटला असता. म्हणून लिहिते आहे. तुमच्यासाठी दोन दारांचा फ्रीज घेतला आहे. पैसे भरून झालेत. शनिवारी दादा बार्शीला येईल, त्याच्यासमोरच बसवून घेऊ.

बाबा, हप्ता नाही, कुणाकडून उसने नाहीत, माझ्या बोनसमधले पैसे आहेत. जुना फ्रीज चालतोय, मला मान्य आहे. पण त्याच्या बर्फाच्या कप्प्यात आईस्क्रीमसुद्धा घट्ट राहत नाही. शिजवलेलं अन्न महिना-दोन महिने नीट ठेवायचं तर उणे १८ अंश लागतात. दुरुस्ती करून तेवढी थंडी येणार नाही, मी मेकॅनिकला विचारलं.

आता खरं कारण. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमध्ये माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. आपल्या घरात घासभरही जात नाही, कारण उरेल ते सगळं आई खाते. बाबांना ताजं वाढायचं आणि स्वतः कालची आमटी, परवाची भाजी संपवायची. बहात्तरच्या दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या सुकडीसाठी रांगेत उभं राहिलेल्या माणसांना अन्न टाकता येत नाही, हे मला कुणी समजावून सांगायला नको. टाकूच नका. पण आई, या घरातली सगळी काटकसर तुझ्या एकटीच्या पोटावर चालली आहे, आणि ते पोट आता सत्तरीला आलं आहे. गेल्या महिन्यात सलाईन लागलं तेव्हा तू "उन्हाने झालं" म्हणालीस. असेलही. पण सकाळचा भात संध्याकाळपर्यंत ओट्यावर होता, तेही बाबांनीच सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस.

भाताचं मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. त्यात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात उबेला राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष मग फोडणी देऊनही जात नाही. म्हणजे भात आंबला नाही, वास आला नाही, तरी बाधू शकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तासाभराच्या आत उरलेला भात पसरट ताटात निववून आत गेला पाहिजे. रात्रीची भाकरी सकाळी दह्यात कुस्करून खाता त्याबद्दल मी काही म्हणत नाही. ती खा. मलाही पाठवता आली असती तर हवी होती.

फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणून दोन दिवस खाली ठेवून, वास घेऊन, मग वर टाकायचं असं करू नकोस. उरणार हे दिसलं की त्याच दिवशी ठेव. मटकीची उसळ, आमटी, हरभरे, राजमा, पुरण, खोवलेलं खोबरं, आलं-लसणाचं वाटण, सगळं छान राहतं. बटाट्याची भाजी रवाळ होते, दही फुटतं, काकडीची कोशिंबीर पाणी सोडते. ती ताजीच करा. दोघांपुरती वाटीभर मटकी रोज वेगळी शिजवण्यापेक्षा एकदाच कुकरभर शिजवून दोघांच्या मापाचे डबे भरले तर गॅसही वाचेल आणि तुझे गुडघेही. श्रीखंडाचे जे डबे तू साठवले आहेस त्यांना आता काम मिळेल. अन्न निवल्यावर भर, आणि काठोकाठ नको, गोठताना पाणी फुगतं. काचेच्या बरण्या अजिबात नको, तडकतात.

डब्यांवर तारीख घालायचं काम बाबांचं. डेपोच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं "आधी आलेला माल आधी बाहेर" हेच तर केलंत. तुमच्या त्या वळणदार अक्षरात पट्ट्या लिहा आणि फ्रीजच्या दारावर यादी लावा. आई विसरली तरी यादी विसरणार नाही.

वीज जाते म्हणाल. स्टॅबिलायझर सोबत येतोय. वीज गेली की दार उघडायचं नाही, एवढंच पाळा. भरलेला, बंद फ्रीजर बराच वेळ गार राहतो.

आई, तुझं लिंबाचं लोणचं, देवाच्या विड्याची पानं, दुधाचं पातेलं, सगळं आहे तिथेच राहील. खालचा कप्पा उंच असलेलाच निवडला आहे, तुझं मोठं पातेलं मावेल. नैवेद्याला ताजंच होईल, त्याला मी हात लावत नाही. शाळेच्या डब्यात तू फोडणीची पोळी द्यायचीस, वर भाजलेले शेंगदाणे आणि चिमूटभर साखर. दादाचा डबा पळवून मी तो पण खायचे. ते शिळं होतं हे मला किती वर्षं कळलंच नाही, गं. तुझ्या हातचं ते सगळं अजून खूप वर्षं खायचं आहे मला, म्हणून हा हट्ट.

आता ऐका. डबा आदल्या रात्री वरून खालच्या कप्प्यात काढायचा, ओट्यावर नाही. एकदाच गरम करायचा, रटरटून वाफ येईपर्यंत, आणि उरला तर परत गोठवायचा नाही. शनिवारी दादा येईपर्यंत जुना फ्रीज रिकामा करून ठेवा, शुक्रवारचं उरलेलं तेवढं आत राहू द्या. बाबांनी काहीही उचलायचं नाही, दादा आणि दुकानातली माणसं उचलतील. जुना फ्रीज सुमनमावशींना द्यायचं मी त्यांच्याशी बोलले आहे, म्हणजे तोही वाया जात नाही. आणि शुक्रवारी रात्री काही उरलं तर आई, संपवू नकोस. ओट्यावर नको, जुन्या फ्रीजमध्ये ठेव, शनिवारी दादाकडून पहिला डबा तोच भरून घे.

तुमची,
ताई