पहिली बंदूक रायफल नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रोही (नीलगायी) आणि रानडुकरं वावरात उतरली की ‘शेतकऱ्याला रायफल द्या’ अशी पत्रं येऊ लागतात. त्रास खरा आहे, मागणी चुकीची आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम १३ पाहा. पीकसंरक्षणासाठी त्यात आधी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायची बंदूक धरली आहे. ती पुरत नाही असं परवाना देणाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोअर. रायफलीला वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं. ठासणीची दारू ओलसर हवेत दगा देते आणि दुसरा बार भरेपर्यंत कळप पुढच्या वावरात पोचतो, हे अर्जात स्पष्ट लिहावं.

आपली जमीन सपाट, गोळी अडवायला टेकडी नाही. .३१५ रायफलीची गोळी नेम चुकला तर दोन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि रात्री लाइन (वीज) आल्यावर हरभऱ्याला पाणी देणारा माणूस तिसऱ्याच धुऱ्यावर उभा असतो. बारा बोअरही खेळणं नाही, एलजी या जाड छर्ऱ्यांच्या काडतुसातला छर्रा पाचशे मीटर जाऊ शकतो. म्हणून बार मचाणावरून खाली, मातीच्या दिशेनेच.

काडतुसात लोक हमखास चुकतात. एका औंसात एलजीचे सहा, त्याहून थोडे बारीक एसजीचे आठ आणि अगदी बारीक बीबीचे सुमारे सत्तर छर्रे बसतात. बीबीनं डुक्कर मरत नाही, जखमी होऊन तुरीत दडतं आणि सकाळी वेचणीला आलेल्या बायांवर धावतं. एलजी वापरावी, तीही ३०-३५ मीटरच्या आत. त्यापुढे छर्रे विखुरतात.

जुनी दुनळी घेताना घाई करू नये. आधी काडतुसाचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, किती लांबीचं ते बघा: ६५ मिलिमीटर की ७०. सत्तरचं काडतूस ६५ च्या घरात बसतं, पण उडताना तोंड पुरतं उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळ्या काढून उजेडाकडे धरा. आत काळी गोल सावली दिसली तर तिथं नळी फुगलेली आहे, ती बंदूक परत करा. मग नळ्या दोरीला टांगून नखानं टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे, भद्द वाजली तर पट्टीचा डाग (जोड) सुटलाय. पुढचा लाकडी भाग काढून जोडलेली बंदूक हलवा, बिजागरीत खडखड नको. दस्ता कोपराच्या आत टेकवून बोटाचं पेर चापाला लागलं पाहिजे. दस्ता लांब असला तर तो अंगातल्या बंडीत अडकतो, नेम लागत नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र फुकटात टाळता येतो. कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते, काळ्या मातीचा चिखल तोंडाशी बसतो, आणि अशा नळीतून बार काढला की नळी फाटते. भरण्याआधी प्रत्येक वेळी मागून आरपार उजेड बघायचा, मग काडतूस घालायचं. फुगलेली, हिरवट पितळेची काडतुसं वापरू नयेत.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनविभागाची लेखी परवानगी वेगळी लागते. परवान्यावर ज्याचं नाव, त्यानंच बार काढायचा, पुतण्यानं किंवा सालदारानं नाही. आणि परवानगीनं पडलेलं डुक्करही कलम ३९ प्रमाणे सरकारचं असतं. त्याचे वाटे घालता येत नाहीत, जागेवरच वनरक्षकाला बोलवावं लागतं.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी
जि. यवतमाळ