मालकांच्या वकीलसाहेबांना, एका टाईम ऑफिसवालीकडून आभार

वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार,

तुम्ही प्रॅक्टिस थांबवताय असं कळलं आणि म्हटलं आता लिहायचंच, कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो ते कामच आहे माझं" म्हणता आणि लगेच पुढच्या तारखेचं विचारता.

कोल्हापुरात तुमची ओळख मॅनेजमेंटचा वकील अशी. माझे वडील स्वतः युनियनचे, त्यामुळे आमच्या घरात हा शब्द काही प्रेमाने घेतला जायचा नाही. कामगाराला काढायच्या वाटा शोधून देतो तो, एवढंच लोकांना माहीत असतं. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) टाईम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्यात लागले, तुमच्याकडे फायली घेऊन यायला लागले आणि बघितलं की तुमचा निम्मा दिवस मालकांना "थांबा, असं करू नका" हे सांगण्यातच जातो, आणि त्याचीच फी तुम्ही घेता.

मोल्डिंग शॉपमधलं ते सेकंड शिफ्टचं प्रकरण तुम्हाला आठवत असेलच. कामगाराने सुपरवायझरवर हात उचलला, मालक भडकलेले, संध्याकाळपर्यंत त्याला गेटबाहेर करा म्हणून मला तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही आधी मला पाणी दिलं आणि मी लिहून आणलेली चार्जशीट, म्हणजे कामगाराला द्यायचं कंपनीचं आरोपपत्र, वाचायला घेतली. त्यात "उद्धट वर्तन केले" असं होतं, त्यावर तुम्ही पेन ठेवलं आणि विचारत गेलात, कुठली तारीख, किती वाजता, कुठल्या मशीनपाशी, कोण कोण उभं होतं, तो नेमकं काय बोलला, त्याच्याच शब्दात सांगा. मला सगळं सांगता येईना तर तुम्ही म्हणालात जा, त्या शिफ्टच्या पोरांना भेटून या, मगच टाईप करू. आणि मराठीत करू, त्याला वाचता आली पाहिजे. मग सस्पेंड केलं, पण निर्वाह भत्ता चालू ठेवून, पहिले ९० दिवस अर्धा पगार आणि पुढे चौकशी त्याच्यामुळे लांबली नसेल तर पाऊण, हे मालकांना तुम्हीच पटवलंत. चौकशी अधिकारी बाहेरचा, कामगाराच्या बाजूने बोलायला त्याचा प्रतिनिधी, रोजच्या कामकाजाच्या प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या आणि त्याच दिवशी त्याला कॉपी. मालक म्हणायचे एवढा खटाटोप कशाला, तुम्ही म्हणायचात कोर्ट आधी हेच विचारणार आहे, चौकशी नीट झाली का.

आणि झालंही तसंच, तो बडतर्फ झाल्यावर १९७१ च्या कायद्याखाली, म्हणजे युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांबद्दलच्या आपल्या एमआरटीयू पल्पखाली, कामगार न्यायालयात गेला, आणि कोर्टाने आधी चौकशीचाच मुद्दा घेतला आणि ती योग्य ठरवली. मालक जिंकल्यातच जमा होते. त्यांना आता ग्रॅच्युइटी पण द्यायची नव्हती, आणि मारहाणीसाठी बडतर्फ केलं तर ग्रॅच्युइटी जप्त करायची सोय कायद्यात आहे, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी तुम्ही मालकांसमोर बसून स्पष्ट सांगितलं की इतक्या वर्षांची भट्टीसमोरची ड्युटी एका रात्रीत पुसायची नाही, पूर्ण द्या आणि समेट करा. दिली. केस मागे घेतली गेली आणि शॉपमधलं वातावरण आठवड्याभरात निवळलं, ते मी टाईम ऑफिसच्या खिडकीतून रोज बघत होते.

वकिलीच्या बाहेरच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते म्हणून सांगते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा रेफरन्स, म्हणजे सरकारने निवाड्यासाठी पाठवलेला वाद, कामगार न्यायालयात चालायचा तेव्हा समोरच्या बाजूची संमती आणि कोर्टाची परवानगी असल्याशिवाय वकिलाला उभंच राहता येत नव्हतं, कलम ३६(४). युनियनवाले इतर वकिलांना बिनधास्त हरकत घ्यायचे, पण तुमचं नाव आलं की सही करून मोकळे व्हायचे. मालकाच्या वकिलाला याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं असतं मला माहीत नाही.

लॉकडाऊनमध्ये तर तुम्ही आम्हाला अक्षरशः तारलंत. २९ मार्च २०२० ला पूर्ण पगार द्या असा केंद्राचा आदेश आला, ऑर्डरी बंद, भट्टी थंड, मालकांची झोप उडालेली. कोणी म्हणे कोर्टात जा, कोणी म्हणे देऊच नका. तुम्ही एप्रिलमध्येच फोनवर मालक आणि युनियन दोघांना एकत्र घेतलंत आणि आकड्यांवर बोलायला लावलंत. १२ जूनला सुप्रीम कोर्टाने पण आपसात बोलून मिटवा असंच सांगितलं, तोवर आमच्या करारावर सह्या होऊन गेल्या होत्या.

हायकोर्टात रिट याचिका लागली की तुम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर जागून मुंबईला जायचात, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (खंडपीठ) सुरू झालं तेव्हा सहा जिल्ह्यांच्या वकिलांची एवढ्या वर्षांची लढाई सार्थकी लागली, आणि तुम्हाला या वयात का होईना गावातच हायकोर्टात उभं राहता आलं याचा मला फार आनंद झाला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड, म्हणजे नव्या कामगार संहिता, लागू झाले, २९ जुने कायदे त्यात गेले, आणि तुम्ही आयुष्यभर वापरलेली कलमं बाजूला ठेवून पुन्हा विद्यार्थ्यासारखे वहीत नोट्स काढत बसलेले मी बघितलंय. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा, मग ग्रॅच्युइटी कशी बदलते, ते तुम्ही आम्हा एचआरवाल्यांना फळ्यावर आकडे मांडून शिकवलंत, एक पैसा न घेता.

माझ्या वडिलांनी शेवटी शेवटी तुमचं नाव आदराने घेतलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते.

ते फिक्स्ड टर्मवाल्यांचं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगारांबद्दलचं सेशन अजून अर्धं राहिलंय. प्रॅक्टिस थांबवली तरी त्यासाठी एकदा शिरोलीला या, गाडी मी पाठवते. मनापासून आभार.

तुमची,
टाईम ऑफिसवाली