गिरण्या वाढल्या, पॅरिशची वेस तिथेच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गिरणगावाचा विषय निघाला की मँचेस्टरचे नाव येतेच. तिथल्या हद्दींचा घोळ मात्र कुणी सांगत नाही. इंग्लंडमधली पॅरिश म्हणजे नुसते चर्चचे क्षेत्र नव्हते. रस्त्यांची डागडुजी, बाप्तिस्मा, लग्न व दफनाच्या नोंदी, गरिबांसाठीचा कर हे सारे तिच्याच गळ्यात. उत्तरेकडच्या पॅरिश अवाढव्य असल्याने १६६२च्या कायद्याने तिथला गरीबनिधी टाउनशिपकडे, म्हणजे पॅरिशमधल्या लहान गाववार भागांकडे, सोपवला होता. मँचेस्टरच्या एका पॅरिशमध्ये अशा सुमारे ३० टाउनशिप होत्या!

शेतीच्या काळात हे निभावले. १८५१ साली शहराची वस्ती तीन लाखांवर गेली, तरी पॅरिश नुकती कुठे फुटत होती. अडचण पैशाची. नवी पॅरिश म्हणजे मूळ चर्चची लग्न-दफनाची दक्षिणा बुडणार. १८१८मध्ये संसदेने नव्या चर्चसाठी दहा लाख पौंड दिले. पण आधी इमारत, मग हद्द, हा क्रम वेळखाऊ ठरला. पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सरकारच्या १८४३च्या कायद्याने तो उलटा केला: आधी चर्चचा जिल्हा (नव्या पॅरिशचे क्षेत्र) आखायचा, पाद्र्याचा पगार ठरवायचा, चर्च बांधून त्याचा पवित्रीकरणाचा विधी झाला की तो जिल्हा आपोआप पॅरिश. मँचेस्टरसाठी तर १८५०मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

आपल्या मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६मध्ये ताडदेवला सुरू झाली. वस्तीमागे हद्दी आखण्याचा प्रश्न आपलाही आहे, म्हणून प्रभागरचनेवर बोलणाऱ्यांनी १८४३चा तो उलटा क्रम जरूर अभ्यासावा.

– एक वाचक, लालबाग, मुंबई