कागद नसलेला माणूस सर्वांत स्वस्त पडतो

मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

शरणार्थ्यांसाठी कायदा करा, ही मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे. १७ सप्टेंबरला नळदुर्ग-तुळजापूरकडे मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या आमच्या सोलापुरात तो इतर दिवसांसारखाच कामाचा दिवस असतो. १९४८ साली मात्र मधे निजामाची हद्द होती. रझाकारांच्या धास्तीनं माझी आजी दोन लेकरं घेऊन रातोरात ती ओलांडून आली. पदराच्या गाठीला हैदराबादचे हाली रुपये होते, ते इथला दुकानदार पुऱ्या किमतीला घेईना. कागद म्हणाल तर एकही नाही. पेठेतल्या बायकांनी तिला एकच विचारलं, "विड्या वळता येतात का?" येत नव्हत्या. आठ दिवसांत शेजारणीनं शिकवल्या.

भाषा एक होती म्हणून सामावली, असं कुणी म्हणेल. तसं असतं तर आमचा पूर्व भाग वसलाच नसता. करीमनगर, वरंगळकडचे पद्मशाली विणकर दुष्काळ आणि बेकारीला कंटाळून पिढ्यान् पिढ्या इथं येत राहिले. घरात तेलुगू, मागावर मराठी. सोलापुरी चादर ज्यांच्या हातून देशभर गेली, त्यांत ही माणसं मोठ्या संख्येनं होती. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा मूळचा कोण आणि आलेला कोण, हे आता कुणी विचारत नाही.

हे गोड वाटतं, पण सगळं गोड नव्हतं. ३१ वर्षं मी अक्कलकोट रोडवर यंत्रमागावर काढली. नवा माणूस गावात आला की मालक त्याला कमी मजुरीवर उभा करतो, आणि पगाराच्या दिवशी जुन्याला सांगतो, "तुला परवडत नसेल तर तो आहे." शरणार्थ्यांबद्दल कामगार वस्तीत जो राग असतो तो इथून येतो. त्याला नुसता द्वेष म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी कधी मजुरी मोजून घेतलेली नसावी.

म्हणून माझी मागणी उलट्या बाजूनं आहे. ज्याच्याकडे कागद नाही तो तक्रार करू शकत नाही, म्हणून तो सर्वांत स्वस्त पडतो, आणि त्याच्यापायी शेजारच्या मागावरचाही स्वस्त होतो. त्याला कामाचा कायदेशीर हक्क आणि किमान वेतन द्या. माझ्या शेजाऱ्याची मजुरी त्यानं वाचेल.

आजच्या घडीला आपल्याकडे शरणार्थ्यांसाठी कायदाच नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळांचं सरकार पाहतं. अफगाण आणि म्यानमारहून आलेल्यांची नोंद दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय करतं आणि त्यांना कार्ड देतं. त्या कार्डाला नोकरीच्या दारात किती किंमत आहे ते आपण जाणताच. १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन २०२५ साली नवा आला, त्यातही शरणार्थी असा वेगळा वर्ग नाही. जीव वाचवायला आलेला आणि व्हिसा संपूनही राहिलेला, दोघं एकाच चाळणीत. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की जीविताचं रक्षण नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाचं करावं लागतं. ते कायद्यात लिहा: अर्ज कोण तपासणार, किती दिवसांत, अपील कुठं. चौकशी कडक करा, पण तिला शेवट असू द्या. आणि जिथं जिवाला धोका आहे तिथं माणूस परत ढकलायचा नाही.

परवाना देताना एक काळजी घ्या. जॉर्डननं २०१६ नंतर सीरियन लोकांना कामाचे परवाने दिले, पण सुरुवातीला ते एकेका मालकाशी बांधलेले होते. उचल घेतलेल्या कामगाराची काय गत होते ते आम्हाला माहीत आहे. मालक बदलता येत नाही तो परवाना म्हणजे उचलच.

युगांडाचं उदाहरण मला पटतं. तिथं २००६ च्या कायद्यानं शरणार्थ्यांना काम करायची आणि फिरायची मुभा आहे, आणि मदतीतला साधारण ३० टक्के वाटा भोवतालच्या गावांसाठी ठेवायचं धोरण आहे. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. अशा शहरात नव्या माणसांसोबत पाण्याची टाकी, दवाखान्यात जादा नर्स आणि शाळेला जादा खोली आली, तर वस्ती त्यांचं स्वागत करेल. नुसती माणसं आली तर हंड्यावरून भांडणं होतील. निधी डोकी मोजून थेट त्या प्रभागाला द्या.

शाळेचं तर नवा कायदा होईपर्यंतही थांबायला नको. संविधानाचं कलम २१-अ सहा ते चौदा वर्षांच्या 'सर्व मुलांना' शिक्षण देतं, तिथं नागरिक हा शब्द नाही. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सांगतं. तरी आमच्या गल्लीतल्या ओडिशाच्या एका कामगाराच्या मुलीला एका शाळेनं दाखल्यावाचून दोन महिने बाहेर ठेवलं. ती तर याच देशाची. दाखला आला तोवर सहामाही संपली होती. मग सीमेपलीकडून आलेल्या पोरानं काय करावं? राज्यांना एक स्पष्ट परिपत्रक पाठवायला अधिवेशन लागत नाही. ते पाठवाल का, एवढं तरी या पत्राच्या उत्तरात कळवावं.

आपला,
एक निवृत्त यंत्रमाग कामगार
पूर्व भाग, सोलापूर