कडबाकुट्टीजवळ बसकण मारणाऱ्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

अनुदानाचा शेवटचा हप्ता पोचल्याचं आभारपत्र संस्थेच्या लेटरहेडवर रीतसर गेलंच आहे. त्यात ‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल’ वगैरे सगळं आहे, अध्यक्षांची सही आहे, गोल शिक्का आहे. हे पत्र माझं. उघड लिहितोय, कारण तुम्ही जे केलंत ते चारचौघांना कळायला हवं, आणि तुमच्या आधी येऊन गेलेल्यांनाही. नाव मात्र ना तुमचं घालत, ना तुमच्या कंपनीचं. तुम्हाला ते आवडायचं नाही, एवढी ओळख आता झाली आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मंगळवेढा-सांगोल्याकडचा आमचा भाग ज्वारीचा. मालदांडीची भाकरी माणसांना आणि कडबा जनावरांना. गोठा तिथे कडबाकुट्टी, म्हणजे ज्वारीची वाळलेली धाटं कापून बारीक करणारं यंत्र, आणि त्याला मोटर लागल्यापासून कुट्टीचं काम घरातल्या बायकांकडे आलं. पहाटे धारा काढायच्या आधी, झोप डोळ्यांवर असताना. पेंडी आत सरकवेपर्यंत फारसं भय नसतं. घात करते ती शेवटची मूठ. चार धाटं उरतात, पात्यांकडे ओढून नेणारे रूळ ती पकडत नाहीत, मग बाई तळव्याने आत रेटते. रूळ धाटं धरतात आणि त्यांच्याबरोबर बोटंही.

यावर उपाय नाही असं नाही. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत फिरून या यंत्राचा बारकाईने अभ्यास केला होता. तोंडाशी हाताला आधीच इशारा देणारा रूळ, पात्यांवर कव्हर, पोरांनी खेळता खेळता चाक फिरवू नये म्हणून चाकाला खीळ, अशा साध्या, गावच्या फॅब्रिकेशनवाल्यालाही जमतील अशा गोष्टी त्यांनी सुचवल्या. मोहन सर 2021 मध्ये गेले. मळणीयंत्रांच्या अपघातांनंतर 1983 मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदाही झाला. कागदावर सगळं आहे. गोठ्यातल्या जुन्या कुट्टीला ते बसवून द्यायला मात्र कुणी येत नाही. आमची संस्था तेवढंच करते.

आणि एवढ्याशा कामाला पैसा मिळत नव्हता. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, 1 एप्रिल 2014 पासून ते लागू झालं, तेव्हा आम्हाला वाटलं, चला, आता दारं उघडली. पण कंपनीने आपल्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही तोच कायदा सांगतो. आमच्या शिवारात कंपनीच नाही, मग आसपास तरी कुणाच्या म्हणून मोजायचं? परदेशात ऑटोडेस्कसारख्या कंपनीचं फाउंडेशन 2014 पासून खास रचना आणि अभियांत्रिकीतून लोकांचे प्रश्न सोडवणाऱ्यांनाच पैसा देतं, हे ऐकून आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. आपल्याकडे ‘इंजिनिअरिंगचं काम’ म्हटलं की समोरचा विचारतो, मग कारखाना का नाही काढत?

एका ठिकाणी, नाव सोडा, गार हॉलमध्ये बसवून आम्हाला विचारलं, “तुमच्यामुळे नेमके किती हात वाचले? आकडा द्या.” शाळेला संगणक दिले की फोटो निघतो. न तुटलेल्या हाताचा फोटो कसा काढायचा, साहेब? दुसऱ्यांनी पैसे दिले, पण कव्हरवर त्यांच्या बोधचिन्हाचा स्टिकर एवढा मोठा की ‘हात घालू नका’ लिहायला जागा उरली नाही. आणि तिसरे. त्यांचा राग अजून जात नाही. त्यांनी आमच्या काकूंना कुट्टीशेजारी उभं केलं आणि म्हणाले, “मावशी, तो हात जरा वर धरा ना.” काकूंच्या उजव्या हाताला तीन बोटं नाहीत. काकूंनी हात वर धरला. पाहुणे निघून गेल्यावर त्या दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं.

म्हणून तुम्ही येणार म्हटल्यावर काकूंनी पदर हातावर घट्ट लपेटून घेतला होता. तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही त्या हाताकडे पाहिलंही नाहीत. चहा घेतलात, मोटरचा प्लग स्वतः काढून बाजूला ठेवलात आणि चांगल्या साडीनिशी शेणाने सारवलेल्या जमिनीवर कुट्टीच्या तोंडाशी बसलात. आमच्या पोराने मोबाइल वर केला, तेव्हा त्याच्याकडे न बघताच म्हणालात, “ते राहू दे रे.” मग काकूंना विचारलंत, “काकू, हे मशीन तुम्ही बनवलं असतं तर कसं बनवलं असतं?”

मॅडम, या बाईला असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. आम्हीही नाही. कसं झालं, किती वाजता झालं, दवाखाना किती लांब, हेच सगळे विचारत आले. काकू आधी हसल्या. मग पदर सोडून त्याच हाताने भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, “बटण तिकडं भिताडावर. हात हितं आत. मग बंद करायचं कुणी, तुमी येऊन?”

तुम्ही वही काढलीत आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलंत. बाजूला काकूंचं पूर्ण नाव विचारून लिहिलंत. लाभार्थी म्हणून नव्हे, सूचना देणारी व्यक्ती म्हणून. मी मागे उभा राहून वाचलं, माफ करा.

पुढचं लोकांना सांगायलाच हवं, कारण देणगीदार वाचत असतील तर त्यांना उपयोग होईल. बटण जवळ आणून भागत नाही. मोटर बंद केली तरी पात्यांचं ते जड चाक आपल्या वेगाने काही वेळ फिरतच राहतं आणि रूळ ओढतच राहतात. रूळ चाकापासून सुटले पाहिजेत, तेही दोन्ही हात अडकलेले असताना. तुमच्या कंपनीतले दोन तरुण इंजिनिअर सुट्टी टाकून आले, आमच्या वेल्डरबरोबर बसले, आणि गुडघ्याने दाबली की रूळ सुटतात अशी आडवी पट्टी तयार झाली. पहिली पट्टी वाळल्या कडब्याला चालली, ओल्या मक्याला घसरली. दुसरी काकूंना उंच पडली. दुसऱ्या कुणी इथेच ‘उद्दिष्ट साध्य झाले नाही’ असा शेरा मारून फाइल बंद केली असती. तुम्ही अंदाजपत्रकात ‘पुन्हा करून पाहणे’ असं एक वेगळं कलम घालून घेतलंत. तुमच्या वरिष्ठांना ते कसं पटवलंत, देव जाणे. मी इतकी अंदाजपत्रकं लिहिली, पण फसण्यासाठी पैसे मागायची हिंमत माझी कधी झाली नव्हती.

मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांना वाईट कुणी म्हणत नाही. सवड नसते, वरून आकडे मागतात, मार्चअखेर डोक्यावर असते, कळतं सगळं. पण दुसऱ्याच्या घरी गेल्यावर घरच्या बाईला तिच्याच कामातलं विचारायला कुठला निधी लागतो? आमच्या आजीच्या काळी पाटील असो की पोस्टमन, आला की आधी ओट्यावर टेकायचा, पाऊसपाणी विचारायचा, मग कामाचं बोलायचा. आता गाडीतून उतरता उतरताच बॅनर कुठे लावलाय ते विचारतात. तुम्ही वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. कुठे शिकलात हे? कॉलेजात नक्कीच नाही. घरच्यांना माझा नमस्कार सांगा, शिकवण त्यांचीच असणार.

खुशाली कळवायची राहिली. पट्टीची उंची आता वरखाली करता येते. काकू शेजारच्या गावात जाऊन बसवताना उभ्या राहतात आणि वेल्डरवर ओरडतात. त्याने एकदा तक्रार केली, तर म्हणाल्या, “मॅडमच्या वहीत माझं नाव हाय.” तुमची बदली पुण्याला झाल्याचं कळलं. जानेवारीत हुरडा धरतो, तेव्हा दोन दिवस काढून या, मुलांनाही आणा. लहान गाडीने येऊ नका, फाट्यापासून पुढचा रस्ता पार उखडला आहे.

तुमचा,
मंगळवेढ्याचा कार्यकर्ता