पुरवणी मागण्यांवर आपले आमदार कधी बोलणार?

मा. संपादक,
स. न.

अधिवेशन संपले की कोल्हापुरात चौकाचौकांत फलक लागतात. अमुक रस्त्याला इतके कोटी, तमुक पुलाला तितके कोटी. वृत्तपत्रांतही ‘निधी मंजूर’ अशा मथळ्यांच्या बातम्या येतात. माझी सारी नोकरी सरकारी लेखा शाखेत गेली. त्यामुळे अशी बातमी वाचताना मी आधी ‘तरतूद’ कुठे लिहिली आहे ते शोधतो, आणि बहुतेक वेळा ती सापडत नाही. मंजुरी नेमकी कशाची? मंत्र्यांच्या घोषणेची, प्रशासकीय मान्यतेची की विधानसभेने मत देऊन दिलेल्या पैशाची? या तिन्हींमध्ये कधी कधी काही वर्षांचे अंतर असते.

अंबाबाई मंदिर परिसराचेच घ्या. मे 2025 मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत सुमारे 1,445 कोटींच्या विकास आराखड्याला मान्यता मिळाली. हे काम व्हावे असे प्रत्येक कोल्हापूरकराला वाटते, मलाही वाटते. पण मंत्रिमंडळाने मान्यता दिली म्हणून तिजोरीतून रुपया निघत नाही. राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढायला विधिमंडळाने केलेला विनियोजन कायदाच लागतो. आराखडा काही वर्षे चालणार, म्हणजे दरवर्षी त्याच्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकात त्या खर्चाच्या ठरलेल्या नोंदीखाली) पैसे धरावे लागणार, आणि त्या वर्षी न वापरलेले पैसे 31 मार्चला व्यपगत होणार, म्हणजे ते पुढे वापरता येणार नाहीत. तेव्हा एकूण आकड्यापेक्षा या वर्षी किती धरले आणि त्यातले किती वितरित झाले, हे विचारायला हवे.

अंदाजपत्रक बांधायला सुरुवात होते मार्चच्या कितीतरी आधी. वित्त विभागाचे परिपत्रक येते, आहरण व संवितरण (म्हणजे तिजोरीतून पैसे काढून वाटणाऱ्या) अधिकाऱ्यांपासून नियंत्रक अधिकाऱ्यांपर्यंत आकडे वर जातात, मंत्रालयात त्यांना कात्री लागते. खालच्या कार्यालयात वेळ कमी असला की गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालून तक्ता पाठवला जातो, हे मी जवळून पाहिले आहे. मग वित्तमंत्री विधानसभेत आणि त्याच वेळी राज्यमंत्री विधान परिषदेत अर्थसंकल्प मांडतात. सर्वसाधारण चर्चा होते, खात्यांच्या मागण्या, म्हणजे कोणत्या खात्याला किती पैसे हवेत याचे प्रस्ताव, मतदानाला येतात आणि शेवटी ते पैसे काढायला परवानगी देणारे विनियोजन विधेयक. दोन्ही सभागृहांत भाषणे होत असली तरी मागण्यांवर मत देण्याचा अधिकार फक्त विधानसभेचा. विधान परिषदेला असे धनविधेयक 14 दिवसांत शिफारशींसह परत पाठवता येते, त्या शिफारशी मानणे विधानसभेवर बंधनकारक नसते.

आमदारांच्या हाती नेमके काय असते, याबद्दल लोकांत मोठा गैरसमज आहे. राज्यघटनेच्या 203व्या अनुच्छेदाप्रमाणे विधानसभा एखादी मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. वाढवायची तर सरकारनेच राज्यपालांच्या शिफारशीने नवी मागणी आणावी लागते. म्हणजे ‘आमदारांनी सभागृहात निधी वाढवून घेतला’ असे घडूच शकत नाही. त्यांचे हत्यार आहे कपात सूचना. धोरण पटत नसेल तर मागणी एक रुपयापर्यंत खाली आणा, एखादे गाऱ्हाणे मांडायचे असेल तर 100 रुपये कमी करा, असे तिचे प्रकार आहेत. ती संमत झाली तर सरकारवर अविश्वास दाखवल्यासारखे होते, म्हणून ती संमत होत नाही. पण तिच्या निमित्ताने आपल्या भागातले रखडलेले काम नोंदीवर आणता येते आणि मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते. यासाठी आमदाराने मागणी क्रमांक आणि लेखाशीर्ष पाहून तयारी केली पाहिजे. ठरलेली मुदत संपली की उरलेल्या साऱ्या मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात. कोट्यवधी रुपये अशा रीतीने संमत होतात, याचे मला फार वाईट वाटते.

त्याहून गंभीर आहेत पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच सरकारने मागितलेले जादा पैसे. घटनेतली ही सोय योग्यच आहे. 2019 आणि 2021 च्या महापुराचा अंदाज मार्चमध्ये कोणालाच बांधता आला नसता. अशा वेळी 205व्या अनुच्छेदाचा आधार घेऊन सरकारने जादा पैसे मागावेत, त्यासाठीच तो आहे. पण 2024 साली काय झाले? निवडणुकीमुळे आधी लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांपुरत्या खर्चाची मंजुरी, झाले आणि पूर्ण अर्थसंकल्प 28 जूनला मांडला गेला. त्यानंतर पंधरवडाही उलटला नव्हता तोच 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. त्यातले 25,000 कोटी एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी होते. योजना चांगली की वाईट हा या पत्राचा विषय नाही. योजनेची घोषणा ज्या अर्थसंकल्पात झाली, त्याच अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तिचे पैसे का नव्हते, हा आहे. पुढच्या वर्षी, मार्च 2025 मध्ये सुमारे सात लाख कोटींचा अर्थसंकल्प आला आणि पावसाळी अधिवेशनात पुन्हा 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या. मार्चच्या पुस्तकावर निदान काही दिवस चर्चा होते, पुरवणीच्या पुस्तकाच्या वाट्याला त्याहून कितीतरी कमी वेळ येतो. मूळ तरतूदच खर्च झालेली नसताना पुरवणी मागणी करून घेतल्याची उदाहरणे महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वारंवार सापडतात. तिकडे पैसे पडून राहतात आणि इकडे ठेकेदाराचे देयक थकते म्हणून रस्त्याचे काम बंद पडते.

यावर उपाय आहेत. संसदेत 1993 पासून विभागवार स्थायी समित्या मतदानाआधी खात्यांच्या मागण्या तपासतात. केरळच्या विधानसभेत 1980 पासून विषय समित्या आहेत. समितीच्या बैठकीत सचिवाला समोर बसवून गेल्या वर्षीचे पैसे का उरले हे विचारता येते, ते भर सभागृहात जमत नाही. महाराष्ट्रातही प्रत्येक खात्याची मागणी, पुरवणीसकट, अशा छाननीतून गेल्याशिवाय मतास टाकू नये, असा आग्रह आपल्या जिल्ह्यातून धरला गेला पाहिजे. सत्ताधारी आमदारांनीही तो धरावा, कारण उद्या तेच विरोधी बाकांवर असतील.

अर्थसंकल्पाची पुस्तके वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. आपल्याला विनंती अशी की प्रत्येक अधिवेशनानंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रमुख कामांचा एक तक्ता छापावा: घोषणा कधी झाली, प्रशासकीय मान्यता किती रकमेची, चालू वर्षाची तरतूद, त्यातली पुरवणीतून आलेली रक्कम आणि वितरित झालेला निधी. जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत. दहाही आमदारांना आपल्या वार्ताहराने विचारावे की पुरवणी मागण्यांवर आपण बोललात का आणि किती कपात सूचना दिल्या. त्यांची उत्तरे जशीच्या तशी छापावीत. तक्ता तयार करायला लेखाशीर्षे शोधून देणारे कोणी हवे असेल, तर माझ्यासारखी निवृत्त माणसे ते काम आनंदाने करतील.

आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी
राजारामपुरी, कोल्हापूर