आई-बाबा, माझा पगार कोण देतं

ग्लासगो

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, तुम्ही फोनवर दर वेळी विचारता, "पर्मनंट कधी होणार?" आणि आई मागून "आधी जेवलीस का ते सांग" म्हणून विषय बदलते. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी सरळ उत्तर. या नोकरीत मी पर्मनंट होणार नाही. माझी जागा पोस्टडॉकची आहे, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, त्यांना मिळालेल्या अनुदानावर करायचं काम. आमच्या मॅडमना पाच वर्षांचं अनुदान मिळालंय. ते संपलं की माझी जागाही संपेल. यात मला कुणी फसवलेलं नाही आणि माझं काम कमी पडलंय असंही नाही. तुम्हाला जिल्हा परिषदेच्या शाळेची ऑर्डर मिळाली ती निवृत्तीपर्यंत पुरली. आमच्या प्रत्येक ऑर्डरवर शेवटची तारीख आधीच छापलेली असते, इथेही आणि भारतातही.

हे अनुदान येतं कुठून, ते मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. ते कॅन्सर रिसर्च यूके देते. ही सरकारी संस्था नाही. दोन जुन्या संस्था २००२ मध्ये एकत्र येऊन ती झाली आणि ती जवळजवळ सगळी लोकांच्या देणग्यांवर चालते. गावोगावी त्यांची दुकानं आहेत. लोक वापरलेले कपडे, पुस्तकं, कपबशा तिथे आणून देतात आणि दुसरे लोक त्या विकत घेतात. गल्ल्यावर बसणारे बरेचसे तुमच्या वयाचे, बिनपगारी. अनेक जण मृत्युपत्रात या कामासाठी पैसे ठेवून जातात, त्याचा वाटा तर फार मोठा आहे. आणि 'रेस फॉर लाइफ' नावाची, देणग्या गोळा करण्यासाठीची धावण्याची शर्यत असते. १९९४ मध्ये लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये ती फक्त बायकांसाठी सुरू झाली, आता पुरुषही धावतात. इथे ती ग्लासगो ग्रीनवर होते. धावणाऱ्यांच्या पाठीवर कागद लावलेला असतो: मी कुणासाठी धावतेय. कुणाच्या पाठीवर 'आईसाठी', कुणाच्या पाठीवर नुसतंच एक नाव. मी त्यांच्यामागून चालत ते वाचत गेले. माझा पगार त्या कागदांतून येतो. तेव्हापासून प्रयोगशाळेत महागडं रसायन वापरताना हात आपोआप जपून चालतो.

अशा पैशाला धोकाही असतो. २०२० मध्ये कोविडमुळे दुकानं बंद झाली, शर्यती बंद झाल्या आणि संस्थेला संशोधनाच्या निधीत कपात करावी लागली. आजार थांबले नव्हते, पण त्यांच्यावरचं काम मंदावलं.

आता मला नोकरी देऊ करणाऱ्या औषध कंपनीबद्दल. तिथून आलेली नोकरी चांगली आहे, कायमची आहे, पगार बराच जास्त आहे. माझ्या ओळखीच्या हुशार मुली अशा नोकऱ्यांत गेल्यात आणि औषधं शेवटी कंपन्यांतूनच लोकांपर्यंत पोचतात, हे मला मान्य आहे. तरी मी नाही म्हणणार आहे. कारण बार्शी.

आपल्या गावात राहून आपल्याला ठाऊक नसतं की कॅन्सरच्या जगात बार्शीचं नाव किती मोठं आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावोगावच्या नोंदी. आणि मग उस्मानाबाद जिल्ह्यातलं ते मोठं काम. आपल्या नर्गिस दत्त हॉस्पिटलने, मुंबईच्या टाटा मेमोरियलने आणि फ्रान्समधल्या ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना त्यात घेतलं. काहींची, गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, काहींची दुसऱ्या पद्धतींनी, काहींची केलीच नाही. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एका गटाला तपासणीशिवाय ठेवणं बरोबर होतं का, यावर पुढे वाद झाला. तो व्हायलाच हवा होता असं मला वाटतं, कारण त्या गटातल्या बायकाही आपल्याकडच्याच होत्या. पण आज जगभर जी तपासणी पहिली करा म्हणून सांगतात, तिच्यामागच्या पुराव्यात आपल्या शिवाराशेजारच्या बायका आहेत. त्या कामाचे पैसे गेट्स फाउंडेशनकडून आले होते. पैसे अमेरिकेचे, पण घरोघर गेल्या त्या आपल्या भागातल्या बायका.

मी इथे जे करते ते याच्या पुढचं आहे. ज्या बायका उशिरा येतात त्यांना किरणोपचार देतात, काहींचा कॅन्सर बरा होतो आणि काहींचा परत येतो. तो कोणत्या पेशींमुळे परत येतो, हे मी शोधते. उशिरा येणाऱ्या बायका ग्लासगोत थोड्या आणि आपल्याकडे पुष्कळ. म्हणून मला हे काम तिकडे आणायचंय.

त्यासाठी दोन दारं आहेत. एक, रामलिंगस्वामी फेलोशिप. परदेशात काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांना परत आणण्यासाठी केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग ती देतो. दुसरं, इंडिया अलायन्स. हाच विभाग आणि ब्रिटनमधला वेलकम ट्रस्ट मिळून २००८ पासून ते चालवतात. दोन्हींत पाच वर्षं मिळतात. अर्ज माझ्या नावाचा, कल्पना माझी. मात्र भारतातली एखादी संस्था मला जागा द्यायला तयार हवी. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, जागा मिळावी अशी माझी फार इच्छा आहे. मिळणारच असं मी म्हणत नाही. पुष्कळ अर्ज येतात, चांगलेही परत जातात.

जूनमध्ये मी लिस्बनला युरोपियन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्चच्या अधिवेशनाला गेले तेव्हा आई म्हणाली होती, "फिरून घे." फिरले थोडी. पण खरं काम पोस्टरपाशी उभं राहण्याचं होतं. भिंतीवर आपलं काम चिकटवायचं आणि येईल त्याच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं. तिथे भारतातल्या दोन प्रयोगशाळांचे लोक भेटले, त्यांच्याशी अजून पत्रव्यवहार चालू आहे. आमच्या क्षेत्रात नोकरीची जाहिरात वाचून जेवढं कळत नाही तेवढं अशा उभ्या-उभ्या गप्पांत कळतं.

बाबा, कॅन्सर संशोधक कमल रणदिवे पुण्याच्या, जन्म १९१७ चा. मुंबईत पीएचडी करून त्या फेलोशिपवर अमेरिकेला, जॉन्स हॉपकिन्सला गेल्या. पेशी बाहेर काढून काचेत वाढवण्याचं तंत्र तिथे शिकल्या आणि परत येऊन परळला त्याची प्रयोगशाळा उभी केली. त्यांनाही तेव्हा घरचे विचारतच असतील, पुढे काय म्हणून. मला त्यांची बरोबरी सांगायची नाही. एवढंच की गेलेली मुलगी शिकलेलं घेऊन परत येते, हे आपल्याकडे आधी झालेलं आहे.

तेव्हा पुढची काही वर्षं मी पर्मनंट नसेन. घराच्या वरच्या मजल्याचं काम माझ्या भरवशावर काढू नका. तुमच्या औषधांचे आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे मी बाजूला ठेवलेत, त्यांना हात लावणार नाही. नातेवाइकांनी विचारलं तर फेलोशिपचा अर्ज करतेय असं मोकळेपणाने सांगा.

दोन कामं आहेत. बाबा, कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये माझं पीएचडीचं प्रमाणपत्र आहे, ते स्कॅन करून पाठवा. मोबाइलवर फोटो नको, झेरॉक्सवाल्याकडून करून घ्या. आणि आई, इथे २५ ते ६४ वयाच्या बायकांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी घरी पत्र येतं. तुला पत्र येणार नाही, म्हणून मीच लिहिते. तू आणि काकू दोघी हॉस्पिटलमध्ये जाऊन तपासणी करून घ्या. काही त्रास नाही ना, मग कशाला, असं काकू म्हणेल. त्रास नसतानाच करायची असते असं तिला सांग. झाली की मला कळव.

तुमची,
मनू